खुणेचा तुकडा

सानगडीजवळच्या त्या तलावात मे महिन्यात पाणी कमरेइतकं उरलं, की ढिवरांचं महाजाल बाहेर निघतं. जाळं लांब, दोन्ही टोकांना दोर. ओढायला पाच जण लागतात. गेल्या वर्षी चौघांनीच ओढलं तेव्हा मधल्या भागात जाळं सैल पडलं आणि मोठी मरळ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उडी मारून गेली. पाचवा होता लिलाधर, पण तो दोन वर्षांपासून नागपुरात हॉटेलच्या भटारखान्यात कामाला. यंदा त्याच्या जागी दोर धरला त्याच्या बायकोनं, रंजूनं.

तिनं तसं सांगितलं तेव्हा कोणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जाळ्याचा कारभारी डोमाबा एवढंच म्हणाला, "गाळात पाय रुततेत वं."

"गाळात धानाचं रोवणं करतो तवा नाई का रुतत," रंजू म्हणाली, आणि पहाटे लुगड्याचा काचा मारून पाण्यात उतरली.

दिवसभर तिनं ओढलं. तळहाताची कातडी सोलली, खांदा भरून आला, पण दोर तिच्या हातून एकदाही सुटला नाही. चार वाजता जाळं काठाला लागलं आणि चांदीचं धान खळ्यावर ओतावं तशी मासोळी तलावाच्या पाळीवर, बांधावर पसरली. कटला, रोहू, दोन मरळी, आणि तळाशी टोपलीभर झिंगे, म्हणजे कोळंबी, मिशा हलवत.

आता राहिलं होतं ते वाट्याचं.

वाट्याची रीत जुनी. जितके ओढणारे तितके ढीग, सारखे. प्रत्येकानं आपली एक खूण द्यायची. खडा, गुंडी, पान, काहीही, पण दुसऱ्याच्या खुणेसारखी नको. खुणा एका दुपट्ट्यात बांधतात. ओढणाऱ्यातला नाही असा कोणी तरी पाण्याकडे तोंड करून बसतो आणि न पाहता एकेक खूण मागं देत जातो. कारभारी ती घेऊन ओळीनं पहिल्या ढिगावर, दुसऱ्यावर, अशी मांडत जातो. ज्याची खूण ज्या ढिगावर, तो ढीग त्याचा. आणि खरी गोष्ट पुढची: ज्याची खूण यंदा ढिगावर पडली त्यालाच पुढच्या वर्षी जाळ्याची हाक येते. हाक आली की तो जाळ्याचा माणूस.

रंजूला मासोळी हवीच होती, पण तिला हाक हवी होती. लिलाधरच्या नावाची नाही. तिच्या नावाची.

डोमाबानं धोतराला हात पुसले. "रंजू, तू थकली असशीन. बस चुलीवर, कढई चढव. आमी तंवर ढीग लावतो."

वरवर ऐकलं तर माया होती. पण तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं, चुलीवरच्याला वाटा नसतो. पूर्वी जाळं निघालं की घरची एखादी बाई पाळीवर येऊन रांधायची. तिला कढईतलं जेवण, ओढणाऱ्याला ढीग. जी कढईपाशी बसली ती ओढणाऱ्यात मोजली जात नव्हती. रंजूच्या सासूची एक ओवी होती, जात्यावर म्हणायची:

*तलावाच्या पाळीवर गा, मासोळीची रास,*
*जाळंवाल्याले वाटा बाई, चुलीवालीले वास.*

सासू ती हसत म्हणायची. रंजूला आज त्यात हसण्यासारखं काही सापडेना.

"बसते ना," ती म्हणाली. "पण चूल इथंच मांडते." आणि तिनं तीन दगड उचलून आणले ते थेट ढिगांच्या जागेजवळ, चार पावलांवर ठेवले.

ओढणाऱ्यांतला धनीराम जाळ्यातलं शेवाळ झटकत होता. "मासोळीवर धूर येईन ना वं."

"येऊ दे. मासोळीले काय खोकला होते?"

त्याच्या जोडीचा टिकाराम फिस्सकन हसला. डोमाबा हसला नाही, पण चूल हलवायलाही म्हणाला नाही. तो खाली बसला आणि एकेक मासा हातात तोलत ढीग लावू लागला. पाच ढीग. गेल्या वर्षी ओढणारे चार होते तरी ढीग पाचच होते. पाचवा जाळ्याचा म्हणून बिनखुणेचा ठेवला होता. जाळं सांधायच्या खर्चाला. यंदाचा पाचवा कोणाचा, हे डोमाबानं सांगितलं नव्हतं.

डोमाबाचा हात सावकाश चालायचा. पण पाचवा ढीग लागला की खुणा मागणार, आणि तेव्हा रंजूला मोकळं असायला हवं होतं. मसाला वाटून, रस्सा आटवून रांधायला तिच्याजवळ वेळ नव्हता.

पिंटूचा टेंपो पाळीखाली उभाच होता. तो नागपूरला मासोळी नेतो आणि येताना बर्फाच्या पेटीतून कोणाकोणाचं सामान आणतो. आज त्यानं रंजूसाठी लिलाधरनं दिलेलं एक थंडगार पाकीट आणलं होतं. कोंबडीचे सॉसेज.

"पाहू पाहू," टिकारामनं पाकीट हातात घेतलं. "हे काय गा? सायकलच्या ट्यूबचे तुकडे?"

"नागपुरात लोक काट्या-चमच्यानं खातेत," पिंटू म्हणाला.

"काटा तर आमच्या मासोळीतच राहते."

लिलाधरनं फोनवर सांगितलं होतं: ते शिजलेलंच असते, फक्त लाल होईस्तोर परतायचं. मीठ त्यात असतेच, वरून सांभाळून. अन् झिंगे असतीन तर शेवटी टाक, तीन मिनिटं, जास्त झालं की रबर. ऐकताना रंजूला हसू आलं होतं. बारा वर्षांची असल्यापासून झिंगे रांधणाऱ्या बाईला तो झिंगे शिकवत होता. आज मात्र तिनं त्याचा एकेक शब्द आठवला.

कढईसाठी म्हणून ढिगाआधी दोन पसे झिंगे काढायची रीत होती. तिनं ते घेतले. डोकी मोडली, साल उतरवली, पाठीतला काळा धागा नखानं ओढला. तळहाताला मीठ-पाणी झोंबत होतं. काटक्या पेटल्या. कढईत जवसाचं तेल टाकलं, त्याचा उग्र वास जाईपर्यंत थांबली, मग ठेचलेला लसूण, मग कांदा. सॉसेजचे बोटाच्या पेराएवढे गोल तुकडे करून सोडले. ते तडतडले, कडेनं लाल झाले, आणि पाळीवर असा एक वास फिरला जो त्या तलावानं आधी कधी घेतला नसेल.

तिनं मान वळवून पाहिलं. डोमाबा तिसऱ्या ढिगावर होता.

दोन टमाटर चिरून टाकले. भिवापुरी तिखट टाकलं, एक चमचा, मग अर्धा, मग हात थांबेना म्हणून आणखी अर्धा. हळद. मीठ चिमूटभर. टमाटराचं पाणी सुटून तेल वर आलं. चौथा ढीग लागला. तिनं पहाटे बांधून आणलेल्या डब्यातला भात मोकळा करून ठेवला. सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडलेला नव्हता, तसाच देठासकट तोडला. मग झिंगे कढईत सोडले.

आणि नेमकं तेव्हाच डोमाबा पाठमोराच म्हणाला, "झालं. खुणा घ्या रे."

दुपट्टा श्यामलालच्या हाती होता. श्यामलाल म्हणजे लिलाधरचा काका, रंजूचा चुलतसासरा. कमी बोलणारा माणूस. सकाळपासून त्यानं रंजूच्या बाजूनं एक शब्द काढला नव्हता, विरुद्धही नाही. त्यानं डोमाबाकडून बिडीचं थोटूक घेतलं, टिकारामकडून खडा, धनीरामकडून बंडीची गुंडी. स्वतःचं पळसाचं पान टाकलं. चार झाल्या. आता गाठ मारायची.

त्यानं गाठ मारली नाही. तो चुलीपाशी आला, वास घ्यायला थांबावं तसा थांबला, आणि दुपट्टा उघडाच धरून ठेवला.

रंजूनं वर पाहिलं. झिंगे नुकते गुलाबी होऊ लागले होते. उलथणं सोडलं तर खालून करपले असते, उठून दुसरं काही शोधायला गेली तर डोमाबानं मान वळवली असती. पायाशी खडे होते, पण खडा टिकारामचा पडला होता. हातात बांगडी नव्हती. दोर ओढायचा म्हणून घरी काढून ठेवलेली. तिच्याजवळ होती ती कढई. तिनं उलथण्याच्या टोकानं सॉसेजचा एक तुकडा उचलला, झटकला आणि दुपट्ट्यात टाकला.

श्यामलालनं तुकड्याकडे पाहिलं. रंजूकडे पाहिलं. गाठ मारली आणि निघून गेला.

तिनं भात टाकला, खालवर केला, सांभार पसरला, कढई दगडावरून उतरवली आणि ढिगांपाशी जाऊन उभी राहिली. पदराला हात पुसत.

पिंटू पाण्याकडे तोंड करून बसला. दुपट्ट्यात हात घालून पहिली खूण मागं धरली. "एक."

पान. डोमाबानं पहिल्या ढिगावर ठेवलं. श्यामलालचा.

"दोन." बिडीचं थोटूक. डोमाबाचा स्वतःचा.

"तीन." खडा. टिकारामनं वाकून आपला ढीग पाहिला, मरळ नव्हती, तोंड वाकडं केलं.

"चार."

डोमाबाच्या तळहातावर काही तरी कोमट, तेलकट पडलं. पहाटे चारला नुसता चहा घेतलेला तो माणूस कढईचा वास घेत बसला होता. पिंटूनं चाखायला दिलं असं त्याला वाटलं असावं. त्यानं ते तोंडात टाकलं, चावलं आणि दुसरा हात पुढं केला. "दे ना, चौथी दे."

"पाच," पिंटू म्हणाला.

गुंडी. डोमाबानं ती चौथ्या ढिगावर ठेवली. तिथं मोठी मरळ होती. धनीराम खूश झाला. दुपट्टा रिकामा झाला. पाचव्या ढिगावर काहीच नव्हतं.

"बरं झालं," डोमाबा तोंड चालवत म्हणाला. "हा जाळ्याचा."

"डोमाबा," रंजू म्हणाली, "माही खूण कुठं आहे?"

"तू कुठं दिली? तू तर चुलीवर होती."

"दिली होती. आता तुमच्या तोंडात आहे."

डोमाबाचा जबडा थांबला. टिकारामनं पिंटूकडे पाहिलं. पिंटूनं वळून दुपट्टा झटकून दाखवला; त्यावर तेलाचा गोल डाग होता. "मी पाच मोजून दिल्या बापा."

"चार आल्या," डोमाबा म्हणाला, पण घास अजून गालात होता, त्यामुळे बोलणं जड झालं.

मग श्यामलाल बोलला. "पाच होत्या. गाठ मी मारली."

धनीराम पटकन म्हणाला, "म्हणजे चौथी तिची होती. मंग माही मरळ तिची होते का?" आणि आपल्या ढिगाला अर्धवट आड उभा राहिला.

पाण्यावर दोन बगळे उतरले. डोमाबानं घास गिळला. गिळताना डोळ्यांत पाणी आलं; तिखट ते तिखटच.

"खायची चीज कोणी खूण म्हणून देते काय वं," तो शेवटी म्हणाला.

"हातात तेच होतं. मले चुलीवर कोणी बसवलं?"

डोमाबानं पाचव्या ढिगाकडे पाहिलं. मग रंजूच्या हातांकडे. पदर तळव्याला चिकटला होता, दोरानं सोलल्या जागी. त्याचे स्वतःचे हातही तसेच होते.

"मांडलेली खूण हलत नाई," तो सावकाश म्हणाला. "धनीरामची मरळ धनीरामची. अन् पोटात गेलेली खूण काही परत येत नाई. उरला तो ढीग... रंजूचा."

"लिलाधरचा म्हणा ना," टिकाराम म्हणाला.

"लिलाधर होता का दोरावर? रंजूचा म्हटलं ना." मग हाताच्या पाठीनं ओठ पुसत, "लय तिखट केलं वं तू."

पाचव्या ढिगात रोहू होते, कटल्याचं एक पिल्लू, अन् झिंगे जरा बारीकच. मरळीबद्दल रंजूला वाईट वाटलं. थोडंसं, पण वाटलं. तिनं टोपली आणली आणि ढीग भरायला लागली. मग आठवलं म्हणून थांबली आणि पळसाच्या पानांवर सगळ्यांना वाढलं. टिकारामनं तीनदा घेतलं आणि प्रत्येक वेळी ट्यूब म्हणूनच मागितलं. डोमाबानं पान पुढं करताना म्हटलं, "झिंगे दे. अन् ते दुसरंही दे, खुणेचं नसलेलं."

जेवणं झाल्यावर जाळं वाळत घालताना पुढच्या वर्षीची नावं घ्यायची असतात. डोमाबानं ती बोटांवर घेतली. धनीराम, टिकाराम, श्यामलाल, मी. करंगळी उरली, ती त्यानं मुडपली. "अन् रंजू."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. लिलाधर विचारत होता, कसं झालं, झिंगे तीन मिनिटांतच काढले ना.

"डोमाबाले विचार," ती म्हणाली. "मी अजून चाखलंच नाई." आणि फोन खांद्याशी धरून तिनं कढई ओढली, तळाला धरलेला लाल भात उलथण्यानं खरवडला, आणि उभ्यानंच खायला सुरुवात केली.