जाडे डावीकडे

माझ्या जावयाला मी पहिल्या दिवसापासून ओळखून आहे. लग्न ठरवायला आला तेव्हा आमच्या घरचा पाण्याचा ग्लास त्याने आधी उजेडाकडे धरून पाहिला आणि मग प्यायला. बायको म्हणाली, स्वच्छतेची आवड आहे. मी म्हणालो, खोट काढायची आवड आहे. पुढच्या सहा वर्षांत त्याने आमच्या गिझरची वायर, माझ्या स्कूटरचा आरसा आणि माझी जीभ अशा तीन गोष्टी दुरुस्त करायला घेतल्या. पहिल्या दोन जमल्या.

त्यामुळे 'वादळ' नवं करायचं कंत्राट त्याच्याच कंपनीला मिळालं आणि साइटवर साहेब म्हणून तोच आला, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'वादळ' म्हणजे आमच्या पार्कातली सगळ्यात जुनी राइड. लाकडी खांबांवरून धावणारी आठ रांगांची गाडी, एक चढ, भल्याभल्यांची बोबडी वळवणारा एक उतार आणि तीन वळणं. एकतीस वर्षं तिचा ब्रेक माझ्या हातात होता. माझ्या छातीइतका उंच दांडा, वर लाकडी मूठ. कुठे ओढायचा आणि कुठे सोडायचा हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही कुणाला शिकवलं नाही.

आणि माझं तोंड. निम्मे लोक 'वादळ'मध्ये बसायला यायचे ते माझी बोलणी खायला. फलाटावर उभं राहून मी ओरडायचो, "जाडे डावीकडे, वाळके उजवीकडे!" मग एकेकाला धरायचो. साहेब, तुमच्या शर्टाची बटणं रडकुंडीला आलीत, डावीकडे व्हा. वहिनी, तुम्ही उजवीकडे, आणि दांडी घट्ट धरा, नाहीतर वारा घेऊन जाईल. नवरा-बायकोच्या जागा हमखास उलट्या करायचो आणि वर म्हणायचो, घरात कोण भारी ते इथे कळतं. लोक पोट धरून हसायचे. सगळे मला 'तोंडाळ' म्हणत, पाठीमागेही आणि तोंडावरही.

ती थट्टा नव्हती. चौदा वर्षांपूर्वी जमिनीखाली एक पाइप फुटला, महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही आणि तिसऱ्या वळणाचा बाहेरचा, म्हणजे उजव्या अंगाचा, सातवा खांब दोन बोटं खचला. हे पाहिलं दोघांनीच, तेव्हाच्या फोरमनने आणि मी. वर कळवलं असतं तर राइड बंद पडली असती, आणि मालकीणबाई तेव्हा पार्क विकायलाच निघाल्या होत्या. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. फोरमनने खांबाखाली पत्र्याचा तुकडा ठोकला, त्याच्यावर खिळ्याने तारीख ओरखडली आणि म्हणाला, आता तू वजन सांभाळ. वजन उजवीकडे पडलं की बाहेरचं चाक रुळाला घासून किंचाळायचं आणि तिथले नट ढिले व्हायचे. डावीकडे ठेवलं की गाडी मुकाट जायची. म्हणून जाडे डावीकडे. पुढे दर हंगामाआधी आम्ही एकेक पत्रा वाढवायचो आणि त्याच्यावर तशीच तारीख ओरखडायचो, फोरमन वारल्यावर मी एकटाच. चौदा वर्षांत एकाचंही नख मोडलं नाही. मला त्याचा अभिमान होता.

जावयाने पहिल्याच दिवशी मालकीणबाईंच्या ऑफिसात बैठक लावली. माझी ओळख करून देताना सासरे म्हणाला नाही, 'ऑपरेटर' म्हणाला. मग फाइल उघडून माझ्याविरुद्धच्या अकरा तक्रारी सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या. एका बाईला मी म्हणे पिंप म्हणालो होतो. म्हणालो असेन. पुढे त्याने सांगितलं की यापुढे जागेचा नंबर तिकिटावरच छापून येईल, डबे लोखंडी येतील, ब्रेक कॉम्प्युटर लावील, आणि माझा आवाज रेकॉर्ड करून स्पीकरवर वाजवतील, कारण लोकांना जुन्याची हौस असते. तेवढं जाड्या-वाळक्यांचं वाक्य मात्र गाळायचं. मी म्हणालो, हवं तर बाकीचं सगळं गाळा, तेवढं एक ठेवा. मालकीणबाई हसल्या.

जावई हसला नाही. पेन खाली ठेवून त्याने विचारलं, "या राइडबद्दल कागदावर नसलेलं, फक्त तुम्हालाच माहीत आहे असं काही आहे का?"

अगदी जिभेवर आलं होतं. पण टेबलावर त्या अकरा तक्रारी पसरलेल्या होत्या. मी म्हणालो, "सगळं कागदावर आहे. शिकलेले आहात ना जावईबापू? वाचा."

त्यानंतर 'वादळ'भोवती पत्र्याचं कुंपण पडलं. आत जायला पास लागे आणि तो मला नव्हता. एकतीस वर्षांच्या माणसाला त्यांनी पार्किंगमध्ये पावत्या फाडायला बसवलं. तिथून मला क्रेनची मान दिसायची. एक दिवस तिला नवे डबे लटकताना पाहिले. जुन्या डब्यांच्या दुप्पट तरी वजन असावं. त्याच आठवड्यात मुलीने जेवायला बोलावलं. भात वाढता वाढता जावयाने तोच प्रश्न पुन्हा विचारला, काही आठवतंय का म्हणून. मी म्हणालो, माणसाला दोन घास सुखाने खाऊ द्याल की नाही. मुलगी मान वर न करता म्हणाली, बाबा, नीट आठवून बघा. मी म्हणालो, म्हातारा झालोय, वेडा नाही झालो.

मग एकदा मालकीणबाईंच्या ऑफिसात पावत्यांची पुस्तकं घ्यायला गेलो, तर भिंतीवर तपासणीचा तक्ता लावलेला. एकशे बारा खांब, प्रत्येकापुढे शेरा. तिसरं वळण, उजवा सातवा: ठीक. मी तो शब्द तीनदा वाचला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. ग्लास उजेडाला धरून बघणाऱ्याच्या नाकासमोरून उंट निघून गेला होता. उद्घाटनाला पाहुण्यांदेखत चाक किंचाळेल, साहेबांचा चेहरा पडेल, मग हात जोडून माझ्याकडे येतील आणि मी फलाटावर जाऊन माणसं बसवीन. असा माझा हिशोब होता. किंचाळण्यापलीकडे काही होईल हे मी मनात येऊ दिलं नाही. यायला बघायचं, मी हाकलून द्यायचो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जावयाने मला स्वतः आत नेलं. खांबांना नवा रंग होता, बुंध्यांना लाकडी खोकी ठोकली होती, खाली खडी अंथरली होती. चालत चालत तो नेमका सातव्यापाशी थांबला, हात खांबावर ठेवला आणि तिसऱ्यांदा विचारलं. आम्ही दोघंच होतो. मी खांबाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, रंग बरा निघालाय.

उद्घाटनाला दोनशे माणसं होती. मला नवा कोट देऊन ब्रेकच्या दांड्याशी उभं केलं होतं. दांड्याची मूठ पॉलिश केलेली, शोभेला. स्पीकरवर माझाच आवाज लोकांना दात सांभाळायला आणि चष्मे खिशात ठेवायला सांगत होता. पाहुणे तिकिटावरचे नंबर बघून बसत होते. उजवीकडे एक अगडबंब माणूस बसला, त्याच्या मागे दुसरा. मी मनात वजनं मोजत होतो. सवय जात नाही.

आणि मग माझी मुलगी आली. अंगाने माझ्यावर गेली आहे ती. लहानपणापासून मी तिला ढब्बू म्हणतो. ती सरळ पहिल्या डब्यात गेली, पहिल्या रांगेत, उजवीकडच्या खुर्चीवर बसली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

स्पीकरवर मात करत मी जुन्या आवाजात ओरडलो, "ए ढब्बू, जाडे डावीकडे! नियम विसरलीस?"

लोक खदखदून हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही.

"का, बाबा?" तिने विचारलं. "इथे का नको?"

मालकीणबाई दहा पावलांवर उभ्या होत्या. त्यांच्या बाजूला तपासणीचे अधिकारी, आणि त्यांच्या बाजूला तो, हाताची घडी घालून. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो असतो तर चौदा वर्षं त्या माणसासमोर उघडी पडली असती. मी म्हणालो, "जाडी माणसं उजवीकडे शोभत नाहीत."

पुन्हा हशा. पट्टे खटाखट लागले. ती अजून माझ्याकडेच बघत होती. मग गाडी सुटली.

शेवटचा डबा फलाटाबाहेर पडला तेव्हा माझं तोंड उघडलं. मी ओरडलो, थांबवा, सातवा खांब, सातवा खांब खचलाय. पण स्पीकरवर माझाच आवाज मोठ्याने विनोद करत होता आणि उतारावरून किंकाळ्या येत होत्या. मी दांडा दोन्ही हातांनी ओढला. तो लोण्यातून सुरी यावी तसा माझ्या अंगावर आला, कारण त्याला खाली काही जोडलेलंच नव्हतं. पहिलं वळण झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला मी डोळे मिटले.

काहीच आवाज झाला नाही. चाक किंचाळलं नाही. चौदा वर्षांत उजवीकडे वजन असलेल्या गाडीने ते वळण इतकं मुकाट कधीच घेतलं नव्हतं. गाडी आली, थांबली, लोक हसत, केस सारखे करत उतरले.

जावई माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि त्याने एक कापडी पिशवी माझ्या हातात दिली. जड होती. आत पत्र्याचे चौदा तुकडे होते, प्रत्येकावर खिळ्याने ओरखडलेली तारीख. काम सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात सापडले, तो म्हणाला. खांब काढला, पाया नवा घातला, अधिकाऱ्यांना दाखवला, मगच 'ठीक' लिहिलं. फक्त पत्रे कुणी ठोकले ते त्याने अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

मला शरम वाटायला हवी होती, पण आधी संतापच आला. मी त्याची कॉलर धरली. म्हणालो, माझी परीक्षा घ्यायला स्वतःच्या बायकोला तिथे बसवतोस, माणूस आहेस की कोण आहेस.

"त्यांना सोडा," मागून मुलगी म्हणाली. "तिथे मी माझ्या मनाने बसले. हे नकोच म्हणत होते."

मी कॉलर सोडली. म्हणालो, मी ओरडलो गं, खांबाचं नाव घेऊन ओरडलो, विचार कुणालाही.

"गाडी सुटल्यावर," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "हे म्हणत होते, बाबा सांगणार नाहीत. मी म्हणाले, माझ्यासाठी सांगतील. पैज लावली होती मी, बाबा. पट्टा लागेपर्यंत तुमच्या तोंडाकडे बघत होते."

तिने माझ्या हातातून पिशवी घेतली आणि जावयाकडे दिली.

"आणि तुम्ही मला जाडी म्हणालात."