उपाशी गोधडी

गोधडीच्या कोपऱ्यात बोटाला तो कडक तुकडा लागला, शिवणीच्या आत, बगरू गावच्या छापील कापडाखाली, आणि वासंतीला हायसं वाटलं — आहे, जागेवर आहे. पण त्याच कोपऱ्यावर सलोनीचंही बोट आलं.

"आंटीजी, इसमें कुछ है क्या?"

"भाकरी," ती बोलून गेली. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

सलोनी मालवीय नगरातल्या या हॉलमध्ये मदतीची गाठोडी बांधून घेत होती. सुदानच्या युद्धात घरदार सुटलेली कुटुंबं, वाळवंटातली छावणी, तिथली रात्रीची थंडी... पोर गुणी, समजावून सांगत होती. जहाजात उंदीर लागतात, खाण्याचा कण सापडला तर सगळा माल अडकेल. तिचं म्हणणं सोळा आणे खरं. तिनं कात्री पुढं केली.

"अगं, काढ की," तिचा नवरा नंदकिशोर म्हणाला. विम्याच्या कचेरीत जन्म गेला, नियम म्हटला की हा आधी मान डोलावणार. "तिकडे कोण कोपरे चाचपत बसणार आहे?"

कोण बसणार... माझी आई बसली होती. भूकंपानंतर, पाटणला, पत्र्याच्या शेडमध्ये. कुठल्या तरी शहरातून आलेली जाड, उबदार गोधडी — मी आत शिरायला उतावीळ, आणि ही चारी कोपरे चाचपतेय. "उपाशीच धाडली गं बयेनं," म्हणाली. रागानं नव्हे, कीव आल्यासारखी. अंगावर धड लुगडं नाही आणि कीव कुणाची, तर देणारीची! "पोट रिकामं ठिवू नाय तिचं. पांघरणारा उपाशी ऱ्हातो." मग दातानं टाका तोडला आणि तिघांत मिळालेल्या एका भाकरीतला तुकडा आत सारला. मला भूक लागली होती. आईचा भयंकर राग आला होता.

वासंतीनं कोपरा उसवला, तुकडा काढून पर्समध्ये टाकला. सुईत दोरा ओवला — आणि थांबली. राहू दे उघडा. त्यांचा घास त्यांनी ठेवावा. हे सुचलं म्हणून तिला स्वतःचं कौतुकही वाटलं.

"ये कोना रह गया, आंटीजी."

"रहने दो, बेटा."

सलोनीनं गोधडी घडी करून गाठोड्यात घातली. तिथल्या बाईला यातलं काय ठाऊक? तिच्या लेखी ती फाटकी गोधडी, एवढंच. आणि समजा ठाऊक असलं... तर ती घास घेणार कुणाच्या वाट्याचा? इतकी वर्षं आठवत आला तो आईचा हात — त्याच्या शेजारच्या भुकेल्या पोरीकडे, म्हणजे माझ्याचकडे, मी कधी नीट पाहिलंच नाही.

गाठ आवळली जात होती. हाक मारावी, निदान टाका घालून द्यावा... तोवर गाठ बसली. सकाळी पोटभर पोहे खाऊन आलेल्या वासंतीला एकाएकी कडकडून भूक लागली, आणि ही भूक कुणाची, ते तिला कळेना.