चौथी गाठ

"हल्लीचे बल्ब म्हणजे नुसतं नाव. पूर्वी चाळीसच्या बल्बात माणूस सगळा पेपर वाचायचा."

न्हाणीघराच्या दाराआडून पुटपुटणं चालू होतं. आमचे हे दाढी करत होते. तिथला बल्ब मी महिन्यात तिसऱ्यांदा बदलला होता. परवा दुकानदाराने विचारलं, "बाई, बल्ब खाता की काय?" मी म्हटलं, "हो, चहात बुडवून."

ते बाहेर आले तेव्हा कानाखाली फेस तसाच होता. मी टॉवेलच्या टोकाने पुसला. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. या न बोलण्यात दोन वर्षांत आम्ही चांगले तरबेज झालो होतो. डोळे दाखवून येऊ या, असं एकदा म्हणून पाहिलं होतं. "डोळ्यांना काय धाड भरलीय," म्हणाले, आणि पुढे चार दिवस अबोला.

आम्ही दोघं एकाच संस्थेत कामाला. ते तळं मोजतात, मी ते कागदावर उतरवते. मोजायची रीत साधी आहे. काळ्यापांढऱ्या रंगाची एक थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची. दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ. थाळी ज्या गाठीला दिसेनाशी होते, तेवढं पाणी स्वच्छ. आठ वर्षांपूर्वी ती तिसऱ्याच गाठीला गडप व्हायची, कारण गावाचा नाला सरळ तळ्यात येत होता. मग अनुदान मिळालं, नाल्याच्या तोंडाशी लव्हाळ्याचा रुंद पट्टा लावला, चौदा बायका तो राखू लागल्या, गाळ उपसू लागल्या. घाण पट्ट्यात अडू लागली. पाचव्या वर्षी सात गाठी भरल्या. त्या दिवशी यांनी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले होते.

त्यानंतर सहा. गेल्या वर्षी पाच.

करारात लिहिलं होतं: आठव्या वर्षीही आकडा खाली गेला तर पुढचं अनुदान बंद. म्हणजे पट्टा राखायला कोणी नाही, आणि नाला पुन्हा मोकळा. आज निधी देणाऱ्या संस्थेच्या निरीक्षक बाई स्वतः होडीत बसणार होत्या.

घसरणीची कारणं मीच लिहिली होती. एका वर्षी पाऊस जास्त झाला म्हणून, दुसऱ्या वर्षी कमी झाला म्हणून. आमच्या संस्थेच्या प्रमुख सरांनी दोन्ही अहवालांवर सही केली. आणि दरवर्षी पहिल्या पानावर माझं लाडकं वाक्य असायचं: 'सुरुवातीपासून सर्व मोजमाप एकाच अनुभवी व्यक्तीने केले आहे.' थोडा नवऱ्याचा तोरा, आणि थोडं ते खरंच महत्त्वाचं, कारण माणूस बदलला की नजर बदलते. माणूस तोच राहूनही नजर बदलते, हे मात्र मी कुठल्याच पानावर लिहिलं नव्हतं.

धक्क्यावर सरांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, आज आकडा निदान खाली जायला नको."

"थाळीला सांगते, सर."

ते हसले नाहीत. वाकून पाण्यात बघत म्हणाले, "तळाचे दगड दिसतायत. गेल्या वर्षीही दिसत होते, नाही?"

"दिसत होते."

"मग?"

मी पिशवीत वही शोधू लागले. वही हातातच होती. सरांनीही लगेच फोन कानाला लावला. तो वाजला नव्हता.

होडीत आम्ही पाच जण. वल्ह्यांवर बगळा. उंच, किडकिडीत, तासन्‌तास हलत नाही म्हणून सगळे त्याला बगळाच म्हणतात. आठ वर्षं यांना तळ्यावर तोच नेतो. मधल्या फळीवर सर आणि निरीक्षक बाई. टोकाशी हे, आणि त्यांच्यासमोर वही घेऊन मी.

"तुमचं मोजून होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही," बाई म्हणाल्या.

यांनी सावलीच्या बाजूने थाळी सोडली. हातांना काही शिकवायला नको होतं, बोटांखाली गाठ आली की ओठ हलायचे. एक. दोन. तीन. मग पुढे वाकले, नाक जवळजवळ पाण्याला टेकलं. चौथ्या गाठीवर मूठ आवळली.

"गेली," ते म्हणाले. "चार. लिही."

थाळी खाली लख्ख दिसत होती. घासून पालथी घातलेल्या बशीसारखी.

बगळ्याने घसा खाकरला आणि वल्ह्याकडे बघत राहिला. सर पलीकडच्या काठावरची झाडं मोजत असावेत. बाईंनी आधी पाण्यात पाहिलं, मग यांच्याकडे, मग माझ्याकडे, आणि ती नजर तिथेच ठेवली.

"लिही की. चार."

चार लिहिलं असतं तर तळं आजारी आणि घरचा माणूस ठणठणीत. कागदावर दोन वर्षं हेच तर चाललं होतं. नाही म्हटलं असतं तर परक्या बाईसमोर त्यांची आठ वर्षं पाण्यात. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडू नये, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं.

"पेन चालत नाहीये," मी म्हटलं.

"दोन अक्षरांना पेन नाही चालत?"

"असू दे, दादा," बगळा हळूच म्हणाला. "होडी कुठे पळून चाललीय? वहिनींना घेऊ द्या वेळ."

यांची मान गर्रकन बगळ्याकडे वळली. आठ वर्षांत बगळ्याने मोजमापात तोंड घातलं नव्हतं. दोरी धरलेल्या मुठीच्या शिरा ताठल्या.

मी वही फळीवर ठेवली. पुढे सरकले, होडी डुचमळली. त्यांच्या मुठीवर हात ठेवला आणि एकेक बोट सैल करू लागले. त्यांना मला झिडकारता आलं असतं. पहिलं बोट सुटायला फार वेळ लागला. मग दोरी दोघांच्या तळव्यांतून सरकू लागली.

पाचवी गाठ गेली. सहावी गेली. कोणी हललं नाही. थाळी लहान झाली, हिरवट झाली, पण होती.

सातव्या गाठीवर त्यांनी माझा हात दाबला.

"अजून?" फक्त मला ऐकू येईल असं विचारलं.

"अजून."

आठवी गाठ त्यांनी स्वतःच सोडली. मग मान वर केली आणि निरीक्षक बाई होत्या तिथून जरा डावीकडे बघत, नेहमीच्या आकडा सांगायच्या आवाजात म्हणाले,

"बाई, मला दिसत नाही. हे तिसरं वर्ष. थाळी कुठे जाते, ते ही सांगेल."