जिलेबीचं तोंड

"अजी उस्ताद, हात काढा ना भायेर! किती डाव सांगू?"

भर बाजारात, वाजत्या वरातीत अब्दुल गनी ओरडला आणि रहमतच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं. उजवा हात होता तिथेच राहू दिला, हॉर्नच्या तोंडात.

गनी बँडचा मालक. पुढे चालून क्लॅरिनेट वाजवायचा आणि मान मागे वळवून शिव्या द्यायचा, दोन्ही कामं एका दमात. बँडमधल्या बाकी सगळ्या वाद्यांची तोंडं पुढे नाहीतर वर. एकट्या रहमतच्या फ्रेंच हॉर्नचं तोंड मागे. नळीचे वेटोळे घालून घालून शेवटी ते मागच्या बाजूला उघडायचं आणि वाजवणाऱ्याने उजवा हात त्यात घालायचा. बँडवाले त्याला जिलेबी म्हणत. लग्नघरची कार्टी तर विचारायची, "चाचा, आत काय लपवलं? लाडू?"

लाडू! अशा वेळी रहमतला त्या कार्ट्यांच्या बापांचीसुद्धा किळस यायची.

तो हात गंमत म्हणून आत नव्हता. ओंजळीत पाणी धरावं तशी बोटं जुळवून तळवा आतल्या कडेला टेकवायचा. तो जरा मिटला की सूर खाली येतो, मऊ होतो, लांबून कुणी हाक मारतंय असं वाटतं. पार मिटला की तोच सूर नाकात बोलल्यासारखा किरकिरतो. हात काढला की सूर चढतो आणि नुसतं पितळ ओरडतं. शिवाय हॉर्नचे सूर एकमेकांना इतके खेटून असतात, की फुंकण्याआधी सूर मनात ऐकावा लागतो. नाहीतर ओठ घसरलाच म्हणून समजा. हे सगळं त्याला संस्थानाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याच्या पिंटो मास्तरने शिकवलं होतं. तिथे हॉर्नवाले मागच्या ओळीत बसत. सूर पाठीमागच्या भिंतीवर जायचा आणि तिथून दिवाणखान्यात पसरायचा.

संस्थान गेलं, ऑर्केस्ट्रा मोडला, वाद्यं भंगाराच्या भावात निघाली. ती गनीने उचलली. हॉर्न यवतमाळला आला आणि त्याच्यामागून रहमत आला, बायको खातूनबीला घेऊन. आज एकोणीसशे एकोणसाठ उजाडलं तरी खातूनबी म्हणायची, "माणसं पोटामागं गाव सोडतात, तुमी भोंग्यामागं सोडलं."

वरात संपली. रहमतने हॉर्न उलटा करून आतलं पाणी जमिनीवर झटकलं. जवळच जेवायला बसलेल्या एकाने पत्रावळ ओढून घेतली. "थू! थुंकी सांडते बुढ्ढा!"

ती थुंकी नव्हती. श्वासाचं थंड पितळात झालेलं पाणी होतं. पण सांगायचं कुणाला? बुंदी चावता चावता बोलणाऱ्या त्या तोंडाला? रहमतला तो वासच नकोसा झाला, तुपाचा, घामाचा आणि न धुता हंगाम काढलेल्या बँडच्या लाल कोटांचा.

तेवढ्यात गनी आला. "आता आयका. फकिरा तांबटाशी माहं बोलनं झालं. तो या जिलेबीची मान कापून तोंड समोर करून देते. डाक लावून पक्कं."

रहमतने हॉर्न छातीशी ओढून घेतला. "गनीभाई, कापू नका. कापला तर हात कुठं ठेवू? हॉर्न उरनार नाई तो."

"मंग काय करू? तुमचा सूर मांगं बत्तीवाल्या गाढवाले आयकू जाते, नवरदेवाच्या बापाले नाई. गाढव पैसे देते का मले?"

बँडवाले खिंकाळले. आणि गनीचं तरी काय चुकत होतं? रस्त्यावर पाठीमागे भिंत नव्हती. हे रहमतला कळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबत होतं.

"एक लग्न द्या मले," तो म्हणाला. "परवाचं तांड्यावरचं. हात न घालता वाजवतो. आवाज नाई आला तर खुशाल कापा."

बोलला खरा, आणि स्वतःच्याच तोंडाची त्याला शिसारी आली.

तांडा बाभुळगावच्या अलीकडे होता. तांड्याचा मुखिया भीमसिंग नायक, त्याच्या मुलीचं लग्न. नायकाला हौस दांडगी, म्हणून शहरातला बँड. सकाळी वऱ्हाड निघायची वेळ झाली. मुलगी आईच्या गळ्यात पडली आणि तिने ढावलो धरला. सासरी निघालेल्या बंजारा मुलीने एकेकाच्या गळ्यात पडून गात रडायचं आणि रडत गायचं, तो हा ढावलो. "याडी," तिने आईला हाक मारली आणि तो स्वर लांबत लांबत गेला. रहमतच्या अंगावर काटा आला. हा सूर त्याच्या ओळखीचा होता. तळवा अर्धा मिटून तो या पोरीच्या आवाजाखाली असा अलगद धरता आला असता, की तिला कळलंही नसतं.

"हां, बजाव!" गनीने क्लॅरिनेट उचललं. "नायक पाहून राह्यला. उस्ताद, आज तुमची परीक्षा!"

नवं सिनेमाचं गाणं सुरू झालं. रहमतने क्षणभर हॉर्नकडे पाहिलं. मग हात बाहेर काढला, फुंकायची नळी ओठांवर दाबली आणि छातीत होतं तेवढं सगळं आत ओतलं. पितळ तडकल्यासारखं किंचाळलं. बैल बिचकले. रहमत थांबला नाही. सूर चढला, चढू दे. ओठ सोलला, सोलू दे. हॉर्न वाचला पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तो अंगणाकडे पाठ करून उभा राहिला, म्हणजे हॉर्नचं तोंड बरोबर माणसांवर रोखलं गेलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. नायकाने फेटा उडवला. गनी नाचायचाच बाकी राहिला.

गाणं संपलं तेव्हा मुलगी गाडीत बसून गेली होती. धूळ खाली बसत होती. मुलीची आई रूपीबाई, हातभर बलोयांच्या पांढऱ्या बांगड्या घातलेली, घागऱ्याचा घोळ सावरत सरळ रहमतपुढे येऊन उभी राहिली. त्याला वाटलं, बक्षीस देते आहे.

"काहून रे बाबा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माही पोरगी गळ्यात पडून काय म्हने, मले आयकूच नाई आलं. तोंड हालतानी दिसे नुसतं. आता ते म्या कोनाले इचारू?"

ती वळून गेली.

"उस्ताद!" गनीने मागून पाठीवर थाप मारली. "मानलं! आता कापाची गरजच नाई. अस्संच वाजवत जा, पाठ करून, हात भायेर ठेवून. म्या फकिराले नाई सांगून देतो."

रहमत बाभळीआड गेला आणि ओकला. सकाळपासून पोटात फक्त चहा होता, तो पडला. माती खाल्ली होती त्याने, दुसरं काय! संस्थानात एकदा ओठ घसरला तर रात्रभर झोप यायची नाही त्याला, आणि आज त्याच हॉर्नने त्याने एका आईचे कान बंद करून टाकले होते. गनीची घाण वाटत होती, नायकाची वाटत होती, पण सगळ्यात जास्त स्वतःच्या सोललेल्या ओठांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हॉर्न घेऊन फकिराच्या दुकानात गेला. फकिरा फुटक्या घागरीला डाक लावत होता.

"रहमतभाई? गनीभाईनं तं कालच निरोप धाडला, राहू दे म्हने."

"गनीभाईले म्या पाह्यतो. तू काप."

फकिराने घागर खाली ठेवली. "काहून? तुमीच तं जीव टाकत होते याच्यावर."

"हा असा दिसते तोवर याले हॉर्न म्हनतात," रहमत म्हणाला. "मले रोज तसंच वाजवा लागनार हाय आता. मंग हे भोंगाच होऊन जाऊ दे. भोंगा बोंबलला तं कोनी काय म्हननार?"

फकिराला काय कळलं कोण जाणे. त्याने करवत घेतली, हॉर्न फिरवून फिरवून पाहिला. "कोठून कापू?"

रहमतने नखाने खूण करून दिली.

"घट्ट धरा मंग. हालू देऊ नका."

रहमतने हॉर्न गुडघ्यांत धरला. करवत लागली. पितळेचा पिवळा भुसा त्याच्या पांढऱ्या पायजम्यावर पडत राहिला आणि त्याने तो झटकला नाही.