बीफुनचा डावा डोळा

बीफुनचा डावा डोळा काढायचा की ठेवायचा, एवढाच काय तो प्रश्न. पण बुनह्योंगने त्याचं असं गुऱ्हाळ लावलं होतं की तोंगशी बंदरातली माणसं त्याला लांबून बघूनच दुसऱ्या गल्लीत शिरायची. बीफुन म्हणजे त्याची कुत्री, चौदा वर्षांची. तो बर्फाचा ट्रक चालवायचा तेव्हा ती शेजारच्या सीटवर बसून सगळ्या बंदरावर भुंकायची. ट्रक सुटला, भुंकणंही सुटलं, आणि आता दोघं दारातल्या पंख्याखाली पडून असायची.

जनावरांच्या डॉक्टर को यांनी आडपडदा ठेवला नव्हता. वयाने पोरसवदा बाई, पण बोलणं स्वच्छ. “काका, काचबिंदू आहे. या डोळ्याने दिसणं केव्हाच संपलंय, आता आत नुसता दाब आणि ठणका आहे. डोळा काढला की ठणका गेला. तिचं वय झालंय, भुलीचा थोडा धोका आहे, ते मी लपवत नाही. पण माझी असती तर मी काढला असता.”

“पण ती ओरडत नाही हो,” बुनह्योंग म्हणाला. “गुमान झोपून असते.”

“कुत्री सोसतात, काका.”

घरी आल्यावर त्याने बायकोपुढे तेच दळण घातलं. सिओकलुआन दारात बसून कालवं फोडत होती. तिचा सुरीचा हात आणि तोंड दोन्ही एकदमच चालायचं.

“ओरडत नाही म्हणे! तुझ्या दाढेत कळ आली तेव्हा आख्खी गल्ली गोळा केली होतीस, म्हाताऱ्या माकडा. तुझ्यापेक्षा ती बरी.”

“आणि टेबलावरच गेली म्हणजे? मीच पाठवली असं होईल ना.”

“मग मी पाठवते. आण इकडे पट्टा.”

“तू नको!” तो इतक्या जोरात म्हणाला की बीफुनने एक कान उचलला. सिओकलुआनने पुढचं कालव उचललं. तिला कळलं होतं, या गड्याला कुत्री हवी आहे, फक्त ती गेली तर बोट दाखवायला आपल्या दोघांखेरीज दुसरं कुणीतरी हवं आहे.

ते दुसरं कुणीतरी त्याला दुसऱ्या दिवशी सापडलं. गल्लीच्या टोकाचा भूमिदेव! पांढरी दाढी, गोल पोट, कुणाच्या घरात काय शिजतंय तेही त्याला ठाऊक. बुनह्योंगने शेंगदाण्याच्या वड्यांचा पुडा घेतला, उदबत्ती लावली आणि कौल लावायचे ते दोन चंद्रकोरी लाकडी तुकडे हातात घेतले. एक उताणा, एक पालथा पडला तर देवाचा होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार. दोन्ही उताणे पडले तर देव हसला, म्हणजे प्रश्नच धड विचारलेला नाही. होकार असो की नकार, लागोपाठ तीनदा यावा लागतो.

तासाभराने स्वारी घरी आली ती छाती काढून.

“झालं! देवाने सांगितलं, काढू नका. लागोपाठ तिन्ही वेळा नकार. आता कुणी बोलायचं नाही.”

सिओकलुआनची सुरी थांबली. “तिन्ही वेळा?”

“तिन्ही वेळा. दोन्ही पालथे, खाडकन.”

“विचारलंस काय पण?”

“विचारतात तसंच. नाव, पत्ता, वय. डावा डोळा काढावा का, म्हणून.”

“नाव कुणाचं?”

“माझं.”

“आणि वय?”

“चौदा.”

सिओकलुआनने सुरी बाजूला ठेवली, हात फडक्याला पुसले. नवऱ्याला ती चाळीस वर्षं ओळखत होती. “कुत्री आहे हे सांगितलंस?”

बुनह्योंग पंख्याकडे बघत राहिला.

“माकडा, मी काय विचारतेय?”

“अगं, शेजारी ती जाळी शिवणारी सुईवाली आजी पोराच्या हृदयाचं विचारत होती! पलीकडे एकजण बोट बुडाल्याचं. त्यांच्यामध्ये उभं राहून मी काय म्हणू, माझ्या कुत्रीचा डोळा? मग म्हटलं... घरातल्या मुलीचा.”

मग सिओकलुआन जी हसायला लागली ती भिंतीला टेकली, तिचं स्टूल कलंडलं, कालवांची टोपली सांडता सांडता राहिली. “अरे देवा! चौदा वर्षांच्या पोरीचा डोळा काढू का म्हणून विचारलंस! आणि तो म्हातारा बिचारा हो म्हणेल? अजून पोलीस कसे आले नाहीत आपल्याकडे!”

“हसू नकोस.”

“मी कुठे हसतेय! चल, उठ. आत्ताच्या आत्ता जायचं. देव तिथे घाबरून बसला असेल.”

ती चपला घालून पुढे, तो मागे. आणि बीफुनही निघाली, उजव्या डोळ्याने अंदाज घेत, भिंतीला घासत. कोपऱ्यावर तिचं डोकं दिव्याच्या खांबाला लागलं. ती ओरडली नाही, नुसती थांबली आणि डावी बाजू खांबाच्या गार लोखंडाला दाबून उभी राहिली. बुनह्योंगने तिला उचलून घेतलं. एवढी मोठी कुत्री, पण हाताला अगदी हलकी लागली.

देवळात गर्दी होतीच. सुईवाली आजीही होती. सिओकलुआनने त्याला कोपराने ढोसलं. बुनह्योंग सगळ्यांना ऐकू जाईल असं देवाशी बोलला.

“आजोबा, मघाशी मी खोटं बोललो. मुलगी नाही, कुत्री आहे. ही बघा. नाव बीफुन. डावा डोळा दुखतो तिचा.” मग त्याने बीफुनला हळूच खाली ठेवलं. “मला भीती वाटते हो. मी पाठवली आणि ती परत आली नाही तर? काढू का?”

कुणी हसलं नाही. सुईवाली आजी तर बीफुनची पाठ खाजवायला लागली.

पहिला कौल, होकार. दुसरा, होकार. बुनह्योंगने तिसऱ्यांदा तुकडे टाकले. दोन्ही उताणे. देव हसला होता.

“पुन्हा पहिल्यापासून,” मागून कुणीतरी सांगितलं. नियम तोच होता. बुनह्योंगने वाकून तुकडे उचलले आणि बायकोकडे बघितलं. वाटलं होतं, टोमणा येईल. ती त्याच्याकडे नुसती बघत होती, आणि डोळ्यांत पाणी होतं.

त्याने तुकडे जागेवर ठेवले.

“दोन तुमचे, आजोबा,” तो म्हणाला. “तिसरा मी देतो.”

ऑपरेशनच्या दिवशी त्याने दवाखान्यासमोर इतक्या फेऱ्या मारल्या की सिओकलुआन म्हणाली, बस कर, रस्ता झिजेल. बीफुन शुद्धीवर आली, टाके खाजवू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा कर्णा घालून घरी आली, आणि रुसून सगळ्यांकडे पाठ करून बसली. टाके निघाले, कर्णाही निघाला. मिटलेल्या पापणीमुळे ती आता कायम कुणालातरी डोळा मारतेय असंच दिसायचं. सिओकलुआनने लगेच जाहीर केलं, या घरात माझ्याशिवाय नखरे करणारी आता दुसरीही आली.

एका सकाळी बुनह्योंग पंख्याखाली आडवा होता. बीफुनने त्याची चप्पल तोंडात धरली आणि पळाली. पळाली! कालवांच्या ढिगावरून उडी मारून, गल्ली ओलांडून सरळ धक्क्यावर, आणि तिथे बगळ्यांवर अशी भुंकली की मासळी उतरवणारे हात थांबवून बघत राहिले.

“पळ, माकडा, चप्पल गेली तुझी!” सिओकलुआन ओरडली.

तो एका पायाने अनवाणी धापा टाकत धक्क्यापर्यंत पोचला. तिला धरायचं सोडून मटकन खाली बसला. सिओकलुआन मागोमाग आली तेव्हा तो तोंडावर हात धरून रडत होता.

“मला वाटलं, वय झालं तिचं,” तो म्हणाला. “अगं, म्हातारी झाली म्हणून झोपत नव्हती ती. दुखत होतं. इतके दिवस दुखत होतं, आणि मी शेजारी पडून राहिलो.”

सिओकलुआन त्याच्याजवळ ओल्या धक्क्यावर बसली आणि म्हणाली, “मीही तिथेच होते रे.”