तीन गायी, तीन झाकणं

आष्टीकडच्या एका गावात दुष्काळात दूध संस्थेनंच जनावरांची छावणी चालवली होती. शिवकन्या संस्थेत दुधाची फॅट तपासायची. विज्ञान शिकलेली, म्हणून गोचिडांच्या औषधाचं मापही छावणीतल्या बायकांना तिनंच सांगितलं होतं. लिटरभर पाण्याला दोन मिली, त्या पाण्यानं जनावर पुसायचं. बाटलीचं झाकण दहा मिलीचं, तेव्हा पाच लिटरच्या बादलीला एक झाकण. यात चुकायला जागा कुठे होती?

सकाळी केसरबाई धापा टाकत संस्थेत आली. "पोरी, बिगीबिगी चल. कपिली लाळ गाळतीय, उभी ऱ्हाइना!"

कपिली आठ महिन्यांची गाभण. केसरबाईच्या बाकीच्या दोन्ही गायी आटलेल्या. सगळी भिस्त हिच्या वेतावर.

छावणीत गाय मान टाकून होती, मागचे पाय लटपटत होते. शेजारच्या बादलीच्या तळाशी चूळभर पांढरं पाणी उरलेलं. शिवकन्यानं वाकून वास घेतला आणि झटकन तोंड फिरवलं.

"काकू, किती झाकणं टाकली?"

"तीन. गायी तीन हायेत की."

"आणि पाणी?"

"पानी एकदाच. कोन वततंय दर गायीला नवं पानी? एक गाय पुसली, तिचं औषध तिच्या अंगाला गेलं. उरल्या पान्यात दुसरीचं झाकण टाकलं, मंग हिचं."

शिवकन्यानं मनात हिशेब मांडला. पहिल्या दोघींना दोन-दोन लिटर लागलं असेल, तर कपिलीच्या वाट्याला आलं लिटरभर पाणी, आणि त्यात औषध पंधरा मिली. दोनच्या जागी पंधरा.

तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "निघालोच. तोवर साबण लावून भरपूर पाण्यानं धुवा. आधी तिला, मग दुसऱ्यांदा पुसलेल्या गायीला."

छावणीतलं पाणी वाटणारा बिभीषण डोकं खाजवत म्हणाला, "टाकी कोरडी हाय. टँकर दुपारी. गाय धुवायला पानी आनू कुठनं?"

तेवढ्यात कडूबाईनं आपल्या दावणीजवळची भरलेली कळशी उचलली. "बघत काय उभा ऱ्हायलास? सरक!" तिच्या मागून भिवराबाई आली, मग आणखी चौघीजणी. पिण्याचं राखून ठेवलेलं पाणी कपिलीच्या पाठीवरून ओघळायला लागलं.

दुसरी गायही धुऊन झाल्यावर शिवकन्या केसरबाईजवळ टेकली. "काकू, आमटीत मीठ टाकलं. निम्मी आमटी खाऊन झाली. उरलेलीत परत तेवढंच मीठ टाकाल?"

"येडी का काय? तोंडात धरवंल का ती?" केसरबाई बोलता बोलता थांबली. बादलीकडे बघत राहिली. "आगं बया... पान्यासंगं औषध बी गेलंतं व्हय. जितकं पानी ऱ्हायलं, तितकं औषध त्यात हुतंच."

शिवकन्यानं बादली उचलून बाजूला ठेवली. तिनं माप सांगितलं होतं. उरलेल्या पाण्याचं काय करायचं, ते सांगितलं नव्हतं.

डॉक्टर आले, सुई दिली, पोटाला हात लावून बराच वेळ थांबले. केसरबाईनं डोळे मिटून घेतले.

"वासरू लाथा मारतंय," ते म्हणाले. "धुतलं ते बरं केलं."

ऊन तापायला लागलं तशी कपिली खाली बसली आणि सावकाश रवंथ करू लागली. केसरबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग कडूबाई औषधाची बाटली उचलताना दिसली, तशी तिथूनच ओरडली, "ए कडू, थांब! पानी हाय का तितकं? न्हाई तर ऱ्हाऊ दे. गोचीड परवडली!"

कळश्या रिकाम्या घेऊन बसलेल्या सगळ्याजणी हसल्या. शिवकन्याही हसली, सकाळपासून पहिल्यांदाच.