खाडीपलीकडचे ठोके

खाडीपलीकडून ठोके येत होते, तोवर एफीला धीर होता. पलीकडे तिची धाकटी बहीण नोरा पांघरुणं विणायला पिवळ्या देवदाराची साल कुटत होती. आगबोटीने साथ आणली, तेव्हा पहिलं घर आजारी पडलं ते नोराचं. तेव्हाच तिने बजावलं होतं, "ठोका ऐकू येतोय तोवर इकडे फिरकायचं नाही. तुझ्या घरात तान्हं नातवंड आहे."

दोघींची धोपटणी एकाच देवमाशाच्या हाडातली, आजीने खाचा पाडलेली. नोराचा हात एफी झोपेतही ओळखायची. एक दणका, मग दोन हलके.

त्या सकाळी ठोके सपाट आले.

"ही नोरा नाही."

"दमली असेल," नवरा ॲलेक म्हणाला. "तू कुटतेस तेव्हा तरी काय, लंगडा बेडूक उड्या मारतो."

"चेष्टा पुरे. तिची लेक लॉटी कुटतेय." मग तिने स्वतःचीच समजूत घातली. आवाज तर नोराच्याच धोपटण्याचा होता. ती गेली असती, तर तेही तिच्याबरोबर पुरायच्या पेटीत गेलं असतं. मेलेल्याचं हत्यार कोण हातात धरतं? पडून असेल, लेकीला शिकवत असेल.

ठोके विरळ होत गेले. शेवटी एफीने होडी काढली.

लॉटी खोकत पाण्यापर्यंत आली. "मावशे, पुढे येऊ नकोस!"

"आई कुठाय?"

लॉटीने हातातलं हाड वर केलं. "ती म्हणाली, ठोका थांबला की तुझी मावशी धावत येईल. थांबू नकोस. म्हणून हे न देताच तिला पेटीत ठेवलं. ती चिडली असेल का गं?"

एफीचं वल्हं पाण्यात तसंच राहिलं.

"नाही गं पोरी. तिनेच दिलंय तुला. खांद्याने नको कुटूस, मनगटाने कुट. मी ऐकतेय."

घरी येऊन तिने नोराच्या पेटीवर घालायच्या पांघरुणासाठी साल पुढ्यात ओढली. ती एक दणका द्यायची, थांबायची. पलीकडून उत्तर यायचं.

एका दुपारी आलं नाही.

ॲलेक पलीकडे गेला, आणि परतल्यावर होडीतच बसून राहिला.

"हाड?" एफीने किनाऱ्यावरून विचारलं.

"तिच्या मुठीत आहे. सोडवलं नाही."

"नकोच सोडवू."

ती आत गेली आणि भिजत घातलेल्या सालीतून तिने लॉटीच्या पांघरुणासाठी आणखी एक पट्टा काढला.